खाडी आणि घाट यांच्यामधला उन्हाळा

पनवेलच्या उन्हाळ्याचा अंदाज केवळ तापमानाच्या आकड्यावरून बांधला, तर तो बहुधा चुकतो. कमाल तापमान ३६ अंश असेल हे ऐकून नागपूरकर किंवा चंद्रपूरकर हसेल. परंतु त्याच ३६ अंशांत पनवेलच्या बसस्थानकावर दुपारी उभ्या असलेल्या माणसाचा सदरा पाच मिनिटांत घामाने चिकटतो आणि तो घाम वाळतच नाही. हवेतला ओलावा, वाऱ्याची दिशा आणि तो वारा किती वाजता बदलतो, या तीन गोष्टी येथे आकड्याइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक निर्णायक ठरतात. उष्मा, वळिवाची वादळे, सकाळचे धुके आणि धुरके, एवढेच काय, तळ्या-धरणांच्या काठी दर उन्हाळ्यात होणाऱ्या दुर्घटना या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टीही या परिसराच्या भूरचनेशी आणि हवेतल्या पाण्याशी बांधलेल्या आहेत.

पनवेल उघड्या समुद्रापासून वीस ते पंचवीस किलोमीटर आत, पनवेल खाडीच्या टोकाशी वसलेले आहे. पूर्वेला प्रबळगड आणि त्यामागे सुमारे ८०० मीटर उंचीची माथेरानची रांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, वायव्येला खारघर-पारसिकच्या टेकड्या आणि मधोमध माथेरानच्या डोंगरातून उतरून खाडीला मिळणारी गाढी नदी, अशी ही काहीशी बशीसारखी जागा आहे. त्यामुळे पनवेल धड अलिबागसारखे किनारी नाही आणि धड कर्जतसारखे घाटपायथ्याचेही नाही. हवामानाच्या दीर्घकालीन नोंदी मात्र कुलाबा, सांताक्रूझ आणि अलिबाग येथील वेधशाळांच्या आहेत आणि जाहीर होणारे इशारे मुख्यतः जिल्हावार असतात. रायगड जिल्ह्यासाठी दिलेला एकच इशारा श्रीवर्धनच्या किनाऱ्याला, माणगावच्या खोऱ्याला आणि पनवेल-कळंबोलीच्या सिमेंटच्या पसाऱ्याला सारखाच लागू होतो असे मानणे म्हणजे वाचकाने स्वतःची फसवणूक करून घेणे होय. जिल्ह्याचा अंदाज हाती आल्यावर त्याला गावाच्या भूगोलाची जोड द्यावी लागते आणि हे काम शेवटी गावकऱ्यालाच करावे लागते.

उन्हाळ्याच्या दिवसांत जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची थंड, दमट हवा आत येते. शालेय भूगोलात यांना खारे वारे म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते आणि प्रवाह उलटा होऊन जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. कुलाब्याला खारे वारे सकाळी उशिरा जाणवू लागतात, तर पनवेलला पोहोचायला त्यांना आणखी वेळ लागतो आणि वाटेत तापलेल्या जमिनीवरून येताना त्यांचा गारवाही कमी होतो. ज्या दिवशी दख्खनच्या पठारावरून पूर्वेचे किंवा ईशान्येचे कोरडे वारे जोरात असतात, त्या दिवशी ते खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत किनाऱ्यावरच थोपवून धरतात. शिवाय घाटावरून खाली उतरताना ही हवा दाबली जाऊन आणखी तापते. कोकणात उष्णतेची लाट येते ती प्रायः अशीच, आणि म्हणूनच येथील पाऱ्याचे उच्चांक पुष्कळदा मे महिन्यात नव्हे तर मार्च-एप्रिलमध्ये नोंदले जातात. रायगड जिल्ह्यातल्याच भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि कोकणातल्या या लहानशा गावाचे नाव त्या दिवशी देशभर गाजले. मे महिन्यात समुद्राकडचे वारे बळावतात, पाऱ्याचे उच्चांक थोडे खाली येतात. पण ओलावा वाढलेला असल्याने अंगाची लाही होण्याऐवजी घामाच्या धारा लागतात.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारी प्रदेशात किमान ३७ अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. सरासरीपासूनची वाढ ६.४ अंशांच्या पुढे गेली की लाट तीव्र ठरते. किनाऱ्यासाठी उंबरठा खाली ठेवण्याचे कारण ओलावाच आहे. माणसाचे शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम वाळवून. घामाचे पाणी वाफ होताना त्वचेतली उष्णता सोबत घेऊन जाते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर ही वाफ होण्याची क्रिया मंदावते, घाम नुसता ओघळतो आणि शरीराच्या आतले तापमान चढू लागते. ३८ अंश तापमान आणि ४५ टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प सामावू शकते त्याच्या ४५ टक्के बाष्प, असा संयोग झाला तर शरीराला जाणवणारी उष्णता सुमारे ४६ अंशांइतकी भरते.

याचे सर्वांत दारुण उदाहरण पनवेल तालुक्यातच घडले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील खुल्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्कार प्रदान सोहळा झाला. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेला लाखोंचा समुदाय सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसून होता, अनेकजण तर आदल्या रात्रीच येऊन थांबले होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी नोंदले गेलेले कमाल तापमान सुमारे ३८ अंशांचे होते. विदर्भात असा दिवस सुसह्य म्हणून गणला गेला असता. परंतु मैदान मोकळे, डोक्यावर आच्छादन नाही, गर्दीत वारा खेळायला जागा नाही, आणि वय झालेली, मधुमेह-रक्तदाबाची औषधे घेणारी, रात्रभर प्रवास करून आलेली माणसे, अशा परिस्थितीत ३८ हा आकडा पुरेसा घातक ठरला. या घटनेनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचे धोरण जाहीर केले. राजकीय आरोप-प्रत्यारोपांच्या धुरळ्यात या घटनेचा हवामानशास्त्रीय धडा मात्र मागे पडला, तो असा की कोकणपट्टीत गर्दीच्या कार्यक्रमाची वेळ ठरवताना पाऱ्यापेक्षा आर्द्रता आणि वारा सुटण्याची वेळ आधी पाहायला हवी.

उष्माघाताची लक्षणेही दमट हवेत फसवी असतात. अंग कोरडे पडणे हे उष्माघाताचे लक्षण म्हणून सर्वांना पाठ असते. पण दमट उष्म्यात, विशेषतः कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचे, अंग घामाने ओले असूनही आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, उलटी, चिडचिड आणि मग शुद्ध हरपणे हा क्रम दिसू लागला की रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता त्या माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवणे हे उपाय तिथल्या तिथे सुरू करावे लागतात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतणे मात्र जिवावर बेतू शकते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, मोठमोठ्या इमारतींवरचे बांधकाम मजूर, महामार्गावरचे वाहतूक पोलीस आणि पत्र्याच्या छपराखाली राहणारी कुटुंबे यांच्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहते आणि दमट हवा ती वर निसटू देत नाही, म्हणून रात्रीचे किमान तापमानही उतरत नाही आणि झोपेत शरीराला जी विश्रांती मिळायला हवी ती मिळत नाही.

हवामान विभाग मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जून या तिमाहीचा दृष्टिक्षेप जाहीर करतो, तेव्हा वृत्तपत्रांत ‘यंदा उन्हाळा कडक’ असा मथळा येतो. हा दृष्टिक्षेप म्हणजे भविष्यवाणी नव्हे. मागील अनेक वर्षांच्या नोंदींची ‘सरासरीपेक्षा कमी’, ‘सरासरीइतके’ आणि ‘सरासरीपेक्षा जास्त’ अशी तीन समान गटांत विभागणी करून येणारा हंगाम कोणत्या गटात मोडण्याची शक्यता किती टक्के आहे, एवढेच त्यात सांगितलेले असते. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातले पाणी नेहमीपेक्षा उबदार झाले, म्हणजे एल निनोची स्थिती असली, तर भारतात उन्हाळा तापण्याकडे कल असतो. पण अमुक आठवड्यात पनवेलला पूर्वेचे वारे सुटतील की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा विस्तारित कालावधीचा अंदाज, रोजचा जिल्हानिहाय इशारा आणि अगदी जवळच्या तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक इशारा, अशी उतरती भाजणी लावावी लागते. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांचा अर्थही अनेकदा चुकीचा घेतला जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हे रंग संभाव्य परिणामाची तीव्रता सांगतात, पाऊस किंवा ऊन नक्की पडेल याची हमी देत नाहीत.

वळिवाच्या पावसाचे पनवेलशी असलेले नाते तुटक आहे आणि त्यामागचे कारण मोठे मजेशीर आहे. बाष्प मुबलक, ऊन कडक, तरीही मराठवाड्यात किंवा पश्चिम महाराष्ट्रात मे महिन्यात जशी वरचेवर गडगडाटी वादळे होतात तशी कोकणात होत नाहीत. समुद्रावरून आलेली दमट हवा जमिनीलगत पातळ थरात पसरलेली असते आणि तिच्यावर पठाराकडून आलेल्या कोरड्या, उबदार हवेचा थर बसलेला असतो. सामान्यतः उंची वाढली की हवा थंड होत जाते. येथे काही उंचीवर ती उलट उबदार होते, म्हणून या स्थितीला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. खालची हवा वर चढू पाहते, परंतु वरची हवा तिच्याहून उबदार असल्याने ती तिथेच अडते, आणि मग दिवसचे दिवस नुसते मळभ, नुसता उकाडा, ढग दाटतात पण पाऊस नाही, असा कंटाळवाणा खेळ चालतो.

घाटमाथ्यावर मात्र डोंगरउतार हवेला वर ढकलतो आणि हा थर भेदला जातो. दुपारी दोन-तीनच्या सुमारास माथेरान आणि भीमाशंकरच्या दिशेला फुलकोबीच्या गड्ड्यागत ढग चढू लागतात, त्यांचे माथे बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचून पसरट होतात. हेच क्युम्युलोनिम्बस, अर्थात गडगडाटी पावसाचे ढग. वरच्या थरातले वारे पूर्वेकडचे असतील तर हे ढग संध्याकाळपर्यंत कर्जत, बदलापूर, पनवेलच्या दिशेने सरकतात. अशा ढगातून पाऊस कोसळू लागला की सोबत थंड, जड हवेचा लोंढा खाली आदळतो आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरतो. पाऊस पोहोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटे हा लोंढा पोहोचतो, म्हणून आधी धुळीचा लोट येतो, पत्रे वाजू लागतात, झाडांच्या फांद्या मोडतात आणि मग टपोरे थेंब पडतात.

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात हेच घडले. काही मिनिटांत आकाश पिवळसर-काळे झाले, धुळीच्या वादळाने विमानांची ये-जा थांबली आणि घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. पनवेलच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, शीव-पनवेल महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग ज्या टापूत एकत्र येतात तेथे फलकांचे, तात्पुरत्या मंडपांचे, बांधकामाच्या परांचींचे आणि उंच क्रेनचे रानच माजलेले आहे. कुलाबा आणि जोगेश्वरीजवळच्या वेरावली येथील डॉप्लर रडार, म्हणजे ढगातल्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून ढगाचे स्थान, जोर आणि वेग सांगणारे यंत्र, असे ढग घाटावरून उतरताना टिपू शकते, पण हाती उरणारा अवधी एक-दोन तासांचाच असतो. तेवढ्यात करण्यासारखी गोष्ट एकच असते, आणि ती म्हणजे फलकाखालून, झाडाखालून व उघड्या माळावरून बाजूला होणे.

विजेबाबतही असेच. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही, असा साधा नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आपल्या आसपास वीज पडत असल्याची सूचना देते. शेतघराची पत्र्याची पडवी, एकाकी आंब्याचे झाड, तळ्यातली होडी किंवा गळ टाकून बसलेल्याची ओली जागा, यांतले काहीही आसरा नव्हे.

वळिवापेक्षा फार मोठे, पण क्वचित येणारे संकट अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचे. मे आणि जूनच्या प्रारंभी समुद्राचे पाणी वर्षातले सर्वांत उबदार असते आणि मान्सूनचे जोरदार वारे अजून सुरू झालेले नसतात, म्हणून हाच काळ वादळांना पोषक ठरतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर आदळले आणि रायगडमधल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, विजेचे खांब व घरांची छपरे यांची धूळधाण झाली. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले, तरी मुंबई परिसराला त्याने झोडपून काढले. पनवेल आत असल्याने समुद्राच्या लाटांपासून वाचते, पण वाऱ्यापासून वाचत नाही आणि खाडीतून वर चढणाऱ्या पाण्यापासूनही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे तुलनेने कमी उंचीची. वादळी पाऊस उधाणाच्या भरतीशी जुळला तर गाढी आणि काळुंद्रे नद्यांचे पाणी खाडीत उतरायला वाट मिळत नाही आणि ते काठच्या वस्त्यांत तुंबते. खाडीकाठचे कोळी हवामानाच्या बातमीसोबत पंचांगातली तिथीही पाहतात ते याचसाठी.

उन्हाळ्यात धुके हा विषय अनेकांना विसंगत वाटेल. हवामानशास्त्रात एक किलोमीटरपेक्षा कमी अंतरापर्यंतच दिसू लागले तर त्याला धुके म्हणतात. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून थंड होते, तिच्यालगतची खाडीकाठची दमट हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागेल इतक्या तापमानापर्यंत, निवते आणि गाढीच्या पात्रावर, भातखाचरांवर व खाजणांवर दाट पांढरा थर साचतो. सूर्य वर आला की तास-दोन तासांत तो विरतो. एप्रिल-मेमध्ये असे खरे धुके विरळाच. तेव्हा सकाळी प्रबळगड पुसट दिसतो तो बहुतांशी धुरक्यामुळे. दगडखाणी आणि क्रशरची धूळ, तळोजा औद्योगिक वसाहतीतला धूर, महामार्गावरच्या अवजड वाहनांचे उत्सर्जन आणि पेटवलेला कचरा यांत एप्रिलमध्ये आणखी एक भर पडते, ती राब भाजण्याची. भाताच्या रोपासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून जाळण्याची ही कोकणातली जुनी रीत आहे. गावाच्या मानाने हा धूर थोडाच असतो, आणि सकाळच्या धुरक्याचे खापर केवळ शेतकऱ्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. खरी मेख आहे ती त्याच व्युत्क्रमाच्या थरात, जो वादळ होऊ देत नाही आणि धूरही वर जाऊ देत नाही. त्यातच समुद्री मिठाचे व धुराचे सूक्ष्म कण आर्द्रता वाढली की पाणी शोषून फुगतात आणि अधिक प्रकाश विखुरतात, त्यामुळे तेवढीच धूळ दमट सकाळी अधिक दाट दिसते. दमेकऱ्यांनी फिरायला जाण्याची वेळ पहाटेऐवजी थोडी उन्हे आल्यावरची ठेवावी असे डॉक्टर सांगतात त्याला हा आधार आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानसेवा सुरू झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे या विषयाला नवे महत्त्व आले आहे. विमानतळ पनवेल तालुक्यातच, खाडीकाठच्या सखल जमिनीवर आहे आणि वैमानिकाला वाऱ्याची दिशा, दवबिंदू व धावपट्टीवरची दृश्यमानता ठरावीक अंतराने कळवावीच लागते. जिल्ह्याच्या ढोबळ अंदाजावर भागवणाऱ्या पनवेलच्या हवेचे असे बारकाईचे मोजमाप यानिमित्ताने होऊ लागले, हा विमानतळाचा फारसा न बोलला जाणारा लाभ आहे. जूनचे पहिले ढग आले की धुक्याचे ठिकाण बदलते. तेव्हा ते खाडीवर नव्हे तर बोरघाटात दिसते, कारण ढगच डोंगराला टेकलेले असतात, आणि द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या पुढे वेग कमी करून दिवे मंद झोतावर ठेवावे लागतात. प्रखर झोत धुक्यातल्या थेंबांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

पनवेल हे तळ्यांचे गाव आहे. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे या तळ्यांची नावेच जुन्या गावाचा नकाशा सांगतात. गावाला पाणी पुरवणारे गाढी नदीवरचे देहरंग धरण, ज्याला गाढेश्वर म्हणूनही ओळखतात, डोंगरपायथ्याशी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुले या पाण्याकडे वळतात ती उकाड्याने, आणि नेमक्या याच दिवसांत हे पाणी दिसते तितके साधे नसते. देहरंगमध्ये वर्षानुवर्षे गाळ साचलेला आहे. पाणी ओसरले की काठावर भेगाळलेली, वरून टणक भासणारी वाळलेली पापडी धरते आणि तिच्याखाली गुडघाभर ते कंबरभर चिखल असतो. त्यात पाय रुतलेला माणूस जितकी झटापट करतो तितका खोल जातो. गाळ, माती किंवा मुरूम काढण्यासाठी यंत्राने पाडलेले खड्डे पाण्याखाली झाकलेले राहतात आणि कंबरभर पाण्यात चाललेल्याच्या पायाखालची जमीन एका पावलात नाहीशी होते. बंद पडलेल्या दगडखाणींत साचलेले पाणी तर आणखी धोक्याचे, कारण तिथे काठ उतरता नसून भिंतीसारखा सरळ असतो. उडी मारता येते, वर चढता येत नाही.

खोल पाण्यात तापमानाचे थर असतात. वरचा मीटर-दोन मीटरचा थर उन्हाने कोमट झालेला, आणि खाली एकदम थंड पाणी. तापलेल्या अंगाने सूर मारणाऱ्याला या थंडाव्याचा धक्का बसून नकळत श्वास आत ओढला जातो, आणि तो पाण्याखाली असेल तर छातीत पाणी जाते. चांगले पोहणारेही बुडतात त्यामागे पुष्कळदा हेच असते. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी खाली-वर होत असताना त्याला ओरडायला श्वासच उरत नाही, म्हणून काठावरच्यांना तो खेळतो आहे असे वाटते. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो आणि एकाच घरातली तीन-तीन माणसे जातात, अशा बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. पाण्यात न उतरता दोर, ओढणी, साडी, लांब बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकणे हाच अशा वेळी शहाणपणाचा मार्ग असतो.

पहिल्या वळिवानंतर गावतळ्यांत मासे मरून तरंगताना दिसतात आणि कुणीतरी विष कालवले अशी कुजबुज सुरू होते. औद्योगिक सांडपाण्याने बदनाम झालेल्या कासाडी नदीच्या परिसरात ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि बहुतेक तळ्यांत कारण वेगळे असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, शेवाळ आणि जलपर्णी रात्री उरलासुरला प्राणवायू वापरतात, आणि अशा वेळी वादळी पावसाने तळाचे प्राणवायूहीन, कुजके पाणी वर आणले, शिवाय गटारांतली महिनोन्‌महिन्यांची घाण एका सरीत तळ्यात आली, की पहाटेच्या सुमारास माशांचा श्वास कोंडतो. असे मासे गोळा करून खाण्याचा मोह टाळणे आणि पाण्यावर हिरवी-निळी साय दिसत असेल तर जनावरांनाही ते पाणी न पाजणे इष्ट.

जूनच्या तोंडावर मात्र पाण्याचा धोका तळ्यांकडून ओढ्यांकडे सरकतो. पहिल्या दमदार पावसात तळ्या-नद्यांतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढतात. रायगडात याला वलगण म्हणतात आणि ती पकडण्यासाठी आगरी, कोळी, कातकरी वस्त्यांतून रात्री-अपरात्री माणसे पाग, येंडी अशी जाळी, विळे-कोयते आणि बॅटऱ्या घेऊन बांधांवर जमतात. या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण नेमका हा पाऊस विजांचा असतो आणि ओढ्याचे पाणी डोंगरात किती पडले यावर ठरते, बांधावर किती पडते यावर नाही. खारघरचा पांडवकडा धबधबा आणि गाढेश्वरखालचे नदीपात्र येथेही तीच गोष्ट. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पाणी मुरत नाही, उतार तीव्र असतो, त्यामुळे माथ्यावर झालेल्या सरीचे पाणी काही मिनिटांत पायथ्याशी येते, आणि त्या वेळी पायथ्याशी ऊनही पडलेले असू शकते. २०१९ च्या पावसाळ्यात पांडवकड्याच्या परिसरात सहलीला आलेल्या चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी अशाच लोंढ्यात वाहून गेल्या. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, प्रवाहात पाने-काटक्यांचा गाळ दिसू लागणे, वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे, या खुणांनंतर सामान उचलायलाही वेळ नसतो.

प्रशासन दरवर्षी अशा ठिकाणी मनाई आदेश काढते. त्यांचा, नालेसफाईचा आणि फलकांच्या तपासणीचा हिशेब मे महिन्याची अखेर किंवा जूनचा पहिला आठवडा धरून बांधलेला असतो, कारण मुंबई परिसरात मान्सून दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. याआधीची सर्वांत लवकरची नोंद २९ मेची होती, आणि कुलाब्याच्या मे महिन्यातल्या पावसाने १९१८ सालचा उच्चांक मागे टाकला. अशा वर्षी आगोटीची खरेदी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे धान्य, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवण्याचे काम अर्धवट राहते, मिठागरातले मीठ आणि वीटभट्टीवरच्या कच्च्या विटा भिजतात, राब भाजायचा राहतो, आणि शाळांना सुट्टी असल्याने मुले पाण्याकाठी असतात तेव्हाच ओढे भरून येतात.